नळी न लावता गाडी धुणं : पाणी नको, फडकी मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हिंजवडीकडची सोसायटी, पाणी टँकरचं आणि बोअरचं, आच्छादित पार्किंगमध्ये नळी लावायला बंदी. गाडी गडद निळी, चार महिन्यांची. रोज सकाळी पुसायला दादा येतात, तरी उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसायला लागलेत. नळीशिवाय गाडी नीट धुता येईल का, आणि रंग कसा जपायचा?

धुता येते, आणि आठ लिटर पाण्यात धुता येते. पण आधी ते जाळं कशामुळे पडलं ते बघा, कारण पुढची सगळी पद्धत त्यावरच उभी आहे. गाडीच्या रंगावर पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे प्रिंटरच्या कागदाच्या जेमतेम निम्मी. तुमच्या भागात बांधकामं चालू आहेत, त्यामुळे गाडीवर बसते ती निव्वळ माती नसते. त्यात वाळू, क्रशरची कच आणि सिमेंट असतं. हे कण क्लिअर कोटपेक्षा खूप कठीण. ते नुसते बसलेले असताना काही करत नाहीत. फडक्याखाली अडकून फिरायला लागले की चरे पाडतात. नळीचं काम एवढंच की हात लावण्याआधी ते कण वाहून न्यायचे. नळी नसेल तर तेच काम दुसऱ्या दोन गोष्टींकडून करून घ्यायचं: कणाला वेढून निसरडा करणारं द्रावण, आणि मळलेली बाजू पुन्हा रंगाला न लावण्याइतकी भरपूर फडकी. पाणी कमी पडलं म्हणून गाडी खराब होत नाही, फडकी कमी पडली म्हणून होते.

आता रोजच्या पुसण्याचा हिशोब. सकाळच्या दोन तासांत २० गाड्या, म्हणजे एका गाडीला ६ मिनिटं. एक बादली, एक फडकं, पाणी फार तर दोनदा बदललेलं. पंधराव्या गाडीवर पोचेपर्यंत त्या बादलीत आधीच्या चौदा गाड्यांची कच असते. यात पुसणाऱ्या दादांचा दोष नाही, एवढ्या वेळात आणि एवढ्या साधनांत दुसरं काही शक्यच नसतं. त्यांना सांगा की रोज फक्त पुढची-मागची काच आणि आरसे पुसा, बाकी पत्र्याला हात लावू नका. पगार पूर्ण द्या. पुढे पद्धत बसली की आठवड्याची धुलाई तुमच्या फडक्यांनी त्यांच्याकडूनच करून घेता येईल. शिकवलं तर तेही हे काम उत्तम करतात.

साहित्यात पहिली गोष्ट रिन्सलेस वॉश. हे साधं कार शाम्पू नाही. शाम्पूला फेस येतो आणि तो भरपूर पाण्याने धुवून काढावा लागतो, नाहीतर वाळून डाग धरतो. रिन्सलेस द्रावणाला फेस जवळजवळ येत नाही, आणि ते धुवून काढायचं नसतं, पुसून घ्यायचं असतं. ऑप्टिमम कंपनीचं नो रिन्स हे यातलं जुनं आणि जगभर वापरलं जाणारं. त्याचं धुण्यासाठीचं प्रमाण १:२५६, म्हणजे लिटरला ४ मिलि. इतर कंपन्यांची प्रमाणं वेगळी असतात, डब्यावर वाचून घ्या. अंदाजाने ओतू नका, औषधाच्या दुकानातून १० मिलिची सिरिंज आणा. फेस येत नाही म्हणून हमखास जास्त ओतलं जातं, आणि मग गडद रंगावर चिकट, ढगाळ पट्टे उरतात. गाडी ‘साफच होत नाही’ अशी जी तक्रार ऐकू येते, त्यामागे बहुतेक वेळा हेच जास्तीचं माप असतं.

दुसरी गोष्ट मायक्रोफायबरची फडकी, ४० बाय ४० सेंटिमीटरची. दहा धुण्यासाठी, तीन जाड आणि लांब धाग्यांची कोरडं करण्यासाठी, दोन आखूड धाग्यांची फक्त काचेसाठी. कडेला जाड शिवण किंवा कडक लेबल असेल तर लेबल कापून टाका, त्यानेही ओरखडे पडतात. दुकानात मिळणारं पिवळं सुती फडकं आणि जुने बनियन बॉनेटपासून लांब ठेवा. सुती विणीला कण आत ओढून घेता येत नाही, तो पृष्ठभागावर राहतो आणि पुढे घासत जातो. चाकांसाठी जुनी फडकी वेगळ्या रंगाची ठेवा. ब्रेकच्या काळ्या भुकटीत लोखंडाचे कण असतात, चाकाचं फडकं चुकूनही दाराला लागता कामा नये.

तिसरी गोष्ट दाबाचा फवारा, कुंडीतल्या झाडांना मारतात तो २ लिटरचा. ज्यांना चिखल जास्त लागतो त्यांनी शेतीचा १६ लिटरचा पाठीवरचा पंप घ्यावा, बॅटरीवरचा असला तर उत्तम. मात्र तो नवाच घ्या. कीटकनाशक किंवा तणनाशक मारलेला पंप धुवून वापरू नका.

पाणी कुठलं, हा तुमच्याकडचा खरा अवघड भाग. बोअरच्या पाण्यात क्षार असतात, थेंब वाळला की पांढरा ठिपका उरतो, आणि उन्हात तो चांगलाच घट्ट बसतो. पिण्यासाठी महापालिकेचं पाणी येत असेल तर त्यातलंच आठ लिटर बाजूला काढा. घरी एसी असेल तर त्याच्या नळीतून ठिबकणारं पाणी जमवा. हवेतली वाफ थंड होऊन ते तयार होतं, त्यामुळे त्यात क्षार नगण्य असतात. कपड्यातून गाळून घेतलं की धुलाईला याहून चांगलं पाणी घरात मिळणार नाही. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी मात्र नको. मशीनने काढून टाकलेले क्षार सगळे त्याच पाण्यात एकवटलेले असतात. ते फरशीला वापरा.

धुलाई सावलीत, गाडी थंड असताना करायची. बाहेरून आलात तर बॉनेट हाताला गार लागेपर्यंत थांबा, साधारण अर्धा-पाऊण तास. बादलीत ६ लिटर पाणी आणि २४ मिलि द्रावण, फवाऱ्यात २ लिटर आणि ८ मिलि. दहाही फडकी बादलीत बुडवून ठेवा. एका वेळी एकच भाग घ्या. त्यावर फवारा मारा, अगदी ओघळ येईपर्यंत, आणि दीड-दोन मिनिटं थांबा. हे थांबणं टाळू नका. कण भिजून सुटतात ते याच वेळात. मग एक फडकं काढा, हलकं पिळा (त्यातून पाणी टपकत राहिलं पाहिजे), दोनदा दुमडून चौपदरी घडी घाला आणि सरळ रेषेत ओढा. गोल फिरवू नका, दाबू नका, फडक्याचं स्वतःचं वजन पुरे आहे. एक-दोन हात मारले की घडी उलटून स्वच्छ बाजू घ्या. चौपदरी फडक्याला अशा आठ बाजू मिळतात. आठही मळल्या की ते फडकं बाजूला टाका. बादलीत परत जायचं नाही. याच एका शिस्तीमुळे बादली शेवटपर्यंत स्वच्छ राहते.

भाग ओला असतानाच कोरडं फडकं अंथरून अलगद ओढून घ्या. ते पूर्ण कोरडं असेल तर अडखळतं, म्हणून आधी द्रावणाचा एक हलका फवारा त्यावर मारा. क्रम वरून खाली: आधी टप, मग काचा, बॉनेट, दारांचा वरचा अर्धा भाग, डिकी. दारांचा खालचा भाग, बंपर आणि मागची बाजू शेवटी, कारण चाकांनी उडवलेली सगळी कच तिथे असते. मागच्या चाकाच्या पुढची दाराची पट्टी सगळ्यात घाण. तिथे दोनदा फवारा मारा आणि फडकं अख्खं वेगळं वापरा. चाकं सगळ्यात शेवटी.

छोट्या हॅचबॅकला ४० मिनिटं, एसयूव्हीला तासभर धरा. अर्ध्या इंची नळीतून मिनिटाला सहज १० ते १५ लिटर पाणी जातं, त्यामुळे बंदी घालणाऱ्या कमिटीचंही चुकलेलं नाही.

ही पद्धत कुठे चालत नाही तेही सांगतो. वाळून पापुद्रे धरलेला चिखल, कोकणातून आल्यावर खालच्या भागावर बसलेली लाल माती, स्लॅब टाकल्यावर उडालेलं सिमेंट, यावर फडकं लावायचंच नाही. पंपाने चार-पाच लिटर पाणी मारून चिखल खाली उतरवा. हाताला कच लागेनाशी झाली की मगच फडकं. पावसाळ्यात तर वरून फुकट मिळतं. जोराच्या सरीत गाडी पंधरा-वीस मिनिटं उघड्यावर उभी करा आणि लगेच आत आणून धुवा. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. फक्त मोसमातली पहिली सर सोडा, ती हवेतली सगळी धूळ घेऊन येते. समुद्राकाठी वाळूवर गाडी नेली असेल, किंवा खारं पाणी खाली उडालं असेल, तर बादलीवर विसंबू नका. गाडीच्या पोटाला मीठ लागलेलं असतं आणि तिथे फडकं पोचत नाही. दोन दिवसांच्या आत वॉशिंग सेंटरला नेऊन खालून गोडं पाणी मारून घ्या.

डागांना घाई करू नका, पण उशीरही नको. पक्ष्याची विष्ठा सर्वांत वाईट: आम्लधर्मी असते, उन्हाने रंग तापला की आत खोल खूण पाडते. टिश्यू पेपर द्रावणात भिजवून त्यावर ठेवा, पाच-दहा मिनिटांनी उचलून घ्या, घासू नका. आंब्याखाली गाडी लावणाऱ्यांना मोहोराच्या दिवसांत जो चिकटा मिळतो तो झाडाचा रस नसतो, मोहोरावरच्या तुडतुड्यांनी टाकलेला गोड स्राव असतो. ताजा असताना द्रावणाने विरघळतो, आठवडाभर राहिला तर त्यावर काळी बुरशी धरते. बोअरच्या पाण्याच्या पांढऱ्या ठिपक्यांवर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून मिनिटभर लावा, आणि लगेच द्रावणाने पुसून काढा.

दसऱ्याबद्दल एक. हळदीकुंकवाचं स्वस्तिक बॉनेटऐवजी पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात काढा. हळदीचा रंग पांढऱ्या गाडीवर आणि प्लास्टिकवर चढून बसतो. झेंडूचा हार तारेचा असेल तर तो वाऱ्याने हलून चरे पाडतो. दोऱ्यात ओवलेला घ्या आणि गाडी हलवण्याआधी काढून ठेवा.

आता संरक्षण. तुम्हाला शोरूममध्ये सिरॅमिक कोटिंग सुचवलं गेलंच असेल. ‘९एच’ म्हणून जे सांगतात ती पेन्सिलच्या शिशाच्या कठीणपणाची मोजणी आहे, दगडधोंड्याची नाही. कोटिंगने धूळ सहज सुटते, विष्ठेला ते थोडा जास्त वेळ दाद देत नाही, पण कच भरलेल्या फडक्यापुढे तेही टिकत नाही. माझं मत स्पष्ट आहे: आधी धुण्याची पद्धत सुधारा, मग कोटिंगचा विचार करा. तोपर्यंत फवारून लावायचं सीलंट, म्हणजे रंगावर पातळ संरक्षक थर धरणारं द्रावण, पुरेसं आहे. वर्षातून दोनदा, मे अखेरीस पावसाआधी आणि दिवाळीच्या आसपास, गाडी धुतल्यावर पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून पत्र्यावर फिरवा. खरखर लागली तर क्ले (रंगात रुतलेले कण ओढून काढणारा मऊ मातीसारखा गोळा) घ्या, भरपूर द्रावण मारून (त्याच नो रिन्सचं प्रमाण इथे १:६४) दाब न देता फिरवा. क्ले जमिनीवर पडला तर फेकून द्या, मळून परत वापरू नका. मग एका भागावर सीलंटचे दोन-तीनच फवारे, पसरवा, दुसऱ्या फडक्याने चमक येईपर्यंत पुसा, आणि निदान बारा तास पाणी लागू देऊ नका. पुढच्या काचेवर सीलंट जाऊ देऊ नका, वायपर पावसात धूसर पट्टे मारतो. बंपरच्या काळ्या प्लास्टिकला खोबरेल तेल आणि टायरला डिझेल ही जुनी सवयही सोडा: तेलावर धूळ चिकटते, डिझेलने रबर फुगतं आणि कमजोर होतं.

झाकण घालत असाल तर धुतलेल्या, कोरड्या गाडीवरच. धुळीच्या गाडीवर घातलेलं झाकण म्हणजे वाऱ्याने दिवसभर हलणारं मोठं मळकं फडकंच. तुमची गाडी आच्छादित पार्किंगमध्ये आहे, तुम्हाला झाकणाची गरज नाही.

आत्ता दिसणारं जाळं पॉलिश केल्याने जाईल, पण दर पॉलिशला क्लिअर कोटचे काही मायक्रॉन कायमचे जातात. म्हणून दोन-तीन महिने या पद्धतीने धुवा, नवे ओरखडे थांबलेत याची उन्हात खात्री करा, आणि मग एकदाच मशीनने बारीक पॉलिश करून घ्या.

शेवटी फडकी धुणं. वेगळ्या बादलीत किंवा मशीनमध्ये स्वतंत्र, कोमट पाण्यात, पातळ डिटर्जंटने. सुती कपड्यांबरोबर टाकली तर त्यांचे धागे चिकटतात. फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको, त्याचा थर बसला की फडकं पाणी शोषत नाही आणि कणही पकडत नाही. सावलीत वाळवा, इस्त्री नको, झाकणाच्या डब्यात ठेवा. धुता धुता जे फडकं जमिनीवर पडेल, ते कितीही नवं असलं तरी त्या क्षणापासून चाकांच्या गठ्ठ्यात टाका.