अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडने 'वियर्ड' (हटके, विचित्र) ही ओळख सोडली तर त्या शहराकडे उरतं काय?

भरपूर उरतं. मुळात 'कीप पोर्टलंड वियर्ड' (पोर्टलंडचं हटकेपण जपा) ही घोषणाच टेक्सासमधल्या ऑस्टिन शहराकडून उचललेली, लोकल दुकानं टिकावीत म्हणून आणली आणि मग टीशर्ट-स्टिकरवरच जास्त दिसायला लागली. खरं पोर्टलंड बघायचं तर विलामेट नदीकाठी जा, तिथे आधी हार्बर ड्राइव्ह नावाचा हायवे होता, तो १९७४ मध्ये बंद करून चक्क बाग केली, त्या काळात अमेरिकेत कोण करत होतं सांगा असं! पायोनियर कोर्टहाउस स्क्वेअर पण आधी पार्किंग होतं, लोकांनी स्वतःच्या नावाच्या विटा विकत घेतल्या आणि १९८४ ला चौक उभा राहिला, त्या विटांवरची नावं आजही वाचता येतात. पॉवेल्सचं पुस्तकांचं दुकान १९७१ पासूनचं. हे सगळं त्या घोषणेच्या आधीचं आहे.