ज्वलनशील की ज्वालाग्राही?

एका वाचकाने विचारलं आहे: "पेट्रोलच्या टँकरवर कधी 'अति ज्वलनशील' लिहिलेलं दिसतं, कधी 'ज्वालाग्राही'. दोन्हींचा अर्थ एकच का? यातला मराठी कोणता नि हिंदी कोणता? आणि डेंजरस गुड्सना 'धोकादायक माल' म्हणायचं की 'घातक माल'?"

आधी सरळ उत्तर देतो. घडण दोन्ही शब्दांची संस्कृत आहे आणि मराठीत दोन्ही चालतात. पण अर्थ एक नाही, आणि पेट्रोलच्या टँकरवर मी 'ज्वालाग्राही'च लिहीन.

'ग्राही' म्हणजे धरणारा, घेणारा. गुणग्राही, सारग्राही हे शब्द आपल्या बोलण्यात आहेत. तेव्हा ज्वालाग्राही म्हणजे ज्वाला घेणारा. आता आपण एरवी बोलतो कसं ते आठवा. गवताने पेट घेतला. लाकडं ओली आहेत, पेट घेत नाहीत. 'पेट घेणे' या आपल्या रोजच्या क्रियापदालाच संस्कृत कपडे घातले की 'ज्वालाग्राही' होतो. म्हणून हा शब्द मला लांबचा, कोशातला असा कधी वाटलाच नाही.

'शील' म्हणजे स्वभाव. सहनशील, विचारशील, तसं ज्वलनशील: जळण्याचा स्वभाव असलेला. ज्याने चूल पेटवली आहे त्याला यातला फरक समजावून सांगावा लागत नाही. बाभळीचा ओंडका रात्रभर जळतो, पण पेट घ्यायला त्याला खाली चिपाडं लागतात, फुंकणी लागते, कधी रॉकेलचा शिडकावा लागतो. ओंडका ज्वलनशील आहे, ज्वालाग्राही नाही. कोळशाचंही तसंच.

रसायनांच्या वाहतुकीत नेमका हाच फरक कळीचा आहे. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते. एखाद्या द्रवावर ठिणगी पडताच भडका उडावा इतकी वाफ ज्या तापमानाला तयार होते, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपास आहे. म्हणजे महाबळेश्वरच्या ऐन थंडीतसुद्धा ते ज्वाला घ्यायला तयारच असतं. आपला पेट्रोलियमविषयक कायदाही याच मोजपट्टीवर वर्ग पाडतो: २३ अंशांच्या खाली 'अ', २३ पासून ६५ च्या आत 'ब', ६५ पासून ९३ च्या आत 'क'. पेट्रोल 'अ' वर्गात येतं, डिझेल आणि रॉकेल 'ब' वर्गात. भारतीय मानकानुसार डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश असावा लागतो. नागपुरात मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या घरात जातो. तेव्हा जानेवारीत जे डिझेल नुसतं ज्वलनशील म्हणून चाललं असतं, ते मे महिन्यात तिथल्या रस्त्यावर ज्वालाग्राही असू शकतं. संयुक्त राष्ट्रांच्या वर्गवारीत तर ६० अंशांपर्यंतचे सगळे द्रव ज्वालाग्राहीच, म्हणून डिझेलच्या टँकरवरही पेट्रोलसारखीच, धोक्याचा वर्ग दाखवणारी लाल चौकट असते.

वाफ ज्वालेकडे चालत जाते, ही गोष्ट 'ज्वलनशील' सांगत नाही. २० डिसेंबर २०२४ ला जयपूरजवळ भांक्रोट्याला वळण घेणाऱ्या एलपीजीच्या टँकरला ट्रकने धडक दिली. वायू सुटला. हा वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे वर उडून न जाता रस्त्यालगत पसरला, आणि पेट घेतला तेव्हा टँकरपासून दूर उभ्या असलेल्या गाड्याही त्यात सापडल्या. ज्यांचा टँकरशी काडीचा संबंध नव्हता अशी माणसं होरपळली. मागे उभा असलेला दुचाकीवाला 'ज्वालाग्राही' वाचून चार हात लांब राहिला, तर त्या शब्दाने आपलं काम केलं असं मी म्हणेन.

'अति ज्वलनशील'बद्दल माझी आणखी एक तक्रार आहे आणि ती मला खरंच महत्त्वाची वाटते. धोकादायक मालाचे नऊ वर्ग आहेत आणि त्यांतला दुसरा वायूंचा. त्यात एक पोटवर्ग पेट घेणाऱ्या वायूंचा आहे, त्याला लाल चौकट. दुसरा पोटवर्ग न पेटणाऱ्या, विषारी नसलेल्या वायूंचा, नायट्रोजनसारख्या. त्याला हिरवी चौकट, आणि त्याचं मराठी नाव 'अज्वलनशील वायू'. आता 'अतिज्वलनशील' आणि 'अज्वलनशील' शेजारी ठेवून पाहा. मध्ये फक्त 'ति'. टँकरच्या पाठीवरचा रंग उन्हापावसाने उडतो, धुळीने झाकला जातो. ते एक अक्षर गेलं की अर्थ पार उलटा. इंग्रजीत हाच घोळ 'इनफ्लेमेबल'चा झाला. तिथला 'इन' लॅटिनमधला, 'आत' या अर्थाचा, पण लोक तो नकारार्थी समजू लागले. म्हणून अमेरिकेत आगप्रतिबंधाचं काम करणाऱ्यांनी १९२० च्या दशकापासून 'फ्लेमेबल' लिहिण्याचा आग्रह धरला, आणि आंतरराष्ट्रीय लेबलांवर आज तोच शब्द आहे. आपल्याकडच्या टँकरांवर मात्र अजून 'हायली इनफ्लेमेबल' दिसतं. 'ज्वालाग्राही'तलं कुठलंही अक्षर पुसलं गेलं तरी तो 'न पेटणारा' होत नाही.

मागे खोपोलीजवळच्या एका हॉटेलात चहाला थांबलो असताना शेजारी पेट्रोलचा टँकर उभा होता. मागच्या पाटीवर लाल चौकट, तिच्यात ज्योत आणि खाली ३ चा आकडा, म्हणजे तिसरा वर्ग, ज्वालाग्राही द्रवांचा. बाजूला यूएन १२०३, त्याच्या वर 'थ्री वाय ई'. ड्रायव्हर टायरांवर हातोडी मारून हवा पाहत होता. मी विचारलं, "दादा, हे थ्री वाय ई म्हणजे काय?" तो म्हणाला, "काका, तीन म्हणजे फोम. बंबवाल्यांनी आल्या आल्या पाण्याची धार मारायची नाय, फोम मारायचा. ई म्हणजे पब्लिक लांब घालवायचं. ट्रेमकार्डात सगळं असतं." ट्रेमकार्ड म्हणजे अपघात झाला तर काय करायचं ते सांगणारं, गाडीत ठेवायचं कार्ड. केबिनमधून त्याने ते काढून दाखवलं, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं. मधल्या 'वाय'चा अर्थ त्यात सापडला: श्वसनयंत्र लावून जायचं, आणि सांडलेला माल गटारात जाऊ न देता अडवायचा. १२०३ हा पेट्रोलचा आकडा जगभर तोच. डिझेलचा १२०२, क्लोरीनचा १०१७.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये १२९ ते १३७ हे नियम याच वाहतुकीचे आहेत. पाटी कशी हवी, अक्षरं किती उंच, माल पाठवणाऱ्याची जबाबदारी कोणती, अपघात झाला तर ड्रायव्हरने जवळच्या पोलीस ठाण्याला कळवायचं, हे सगळं तिथे आहे. नववा नियम सांगतो की अशा गाडीच्या ड्रायव्हरला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता आली पाहिजे. म्हणजे तो तमिळ किंवा पंजाबी वाचणाराही असेल. त्याच्यासाठी आकडे आणि चौकट आहेत. टँकरवरचा मराठी शब्द आहे तो मागून येणाऱ्या तुमच्यामाझ्यासाठी, रस्त्याकडेला भजी तळणाऱ्या बाईसाठी. म्हणून तो अचूक असावा असं मला मनापासून वाटतं.

मराठी-हिंदीचं म्हणाल, तर हिंदीत दोन्ही अर्थांना 'ज्वलनशील'च रूढ आहे आणि तिकडूनच तो आपल्या टँकरांवर जास्त आला असावा. तो आला म्हणून मराठी बाटली नाही. कापसाच्या गोदामावर, लाकडाच्या वखारीवर तो शोभतो.

राहिला 'धोकादायक' आणि 'घातक'. वाहतुकीसाठी मी 'धोकादायक माल' म्हणेन. पावसाळ्याआधी महापालिका 'धोकादायक इमारती'ची यादी लावते. ती इमारत पडलेली नसते, पडू शकते. टँकरमधल्या मालाचंही तसंच, नीट नेला तर काही होत नाही. 'घातक'मध्ये अपाय होणं जवळजवळ ठरलेलं असतं, म्हणून 'घातक कचरा', 'आरोग्यास घातक' हे प्रयोग बरोबर बसतात. एक अडचण कबूल करतो: हिंदीत 'धोखा' म्हणजे फसवणूक, त्यामुळे हिंदी वाचणारा 'धोकादायक'पाशी क्षणभर अडखळेल. पण मराठीत फसवणुकीला 'दगा' आहे, आणि 'धोका' म्हटल्यावर मराठी माणसाचं पाऊल मागेच जातं.

कुणी 'जोखमीचा माल' सुचवतात. तो मात्र नको. "प्रवासात अंगावर जोखीम घालू नकोस" असं आजी म्हणायची तेव्हा तिला दागिने म्हणायचे असत. 'जोखमीचा माल' वाचून गाडीत सोनंनाणं आहे असं वाटणारी माणसं अजून घरोघर आहेत.