सहा गाड्या, १,६०० किमीवरची रॅली: आधी थांबे ठरवा, रस्ता मग

प्रश्न थोडक्यात असा आहे: सहा जण, सहा मोटरसायकली, रॅली १,६०० किमीवर. फोनवरचा नकाशा २२ तास दाखवतो, मग दोन दिवसांत होईल का? सर्वांत लहान टाकी १३ लिटरची. रूट कसा आखायचा?

दोन दिवसांत होणार नाही. म्हणजे कदाचित होईलही, पण पोहोचाल तेव्हा रॅली बघायची ताकद उरणार नाही. तीन दिवस धरा.

नकाशातले २२ तास म्हणजे गाडी न थांबता चालत राहिली तर लागणारा वेळ. त्यात पेट्रोल नाही, जेवण नाही, कुणाचा रेनकोट चढवणं नाही. एकट्याने जायचं असेल तर मी नकाशाच्या वेळेला १.२ ने गुणतो, पाच-सहा गाड्या असतील तर १.३५ ने. तुमचे २२ तास म्हणजे जवळजवळ ३० तास, म्हणजे सरासरी ताशी ५३ किमी. आकडा कमी वाटेल, पण हिशेब करून बघा. सहा गाड्यांचा पेट्रोलचा थांबा २५ मिनिटांखाली उरकत नाही. एकाचं पेट्रोल भरून होतं तोवर दुसरा हेल्मेट काढून बाथरूमला गेलेला असतो, तो येतो तोवर तिसरा चहाला. ५७० किमीच्या दिवसात असे दोन थांबे, पाऊण तासाचं जेवण आणि पंधरा-पंधरा मिनिटांच्या तीन विश्रांती धरल्या तर दोन तास वीस मिनिटं हिशेबाबाहेर जातात.

म्हणून रूट आखताना नकाशावर रेष ओढायच्या आधी थांबे ठरवा. आणि तेही शेवटाकडून मागे येत. रॅलीच्या मैदानावर दुपारी दोन-अडीचपर्यंत पोहोचायचं असं धरा, कारण तंबू ठोकायला, नोंदणी करायला आणि गाडी नीट लावायला उजेड लागतो. तिथून मागे मोजलं की शेवटचा दिवस ४३० किमीचा होतो, मधला ६०० चा, पहिला ५७० चा. पहिला दिवस मुद्दाम थोडा लहान ठेवायचा. सामान हलतं, पट्टे सैल पडतात, कुणाची तरी सीट टोचते. हे सगळं त्याच दिवशी उघडं पडतं. रॅली कोणत्या महिन्यात आहे हेही बघा. अमेरिकेतली स्टर्जिसची मोटरसायकल रॅली ऑगस्टमध्ये असते, तेव्हा तिथे उजेड १४ तासांच्या आसपास असतो. जर्मनीत बव्हेरियाच्या जंगलात भरणारा एलेफांटेनट्रेफेन हा मोटरसायकलींचा मेळावा ऐन हिवाळ्यातला. तिथे जेमतेम नऊ-साडेनऊ तासांत दिवस संपतो. तेच ६०० किमी तिथे एका दिवसात बसत नाहीत.

आता पेट्रोल, कारण गटाचा खरा पल्ला सर्वांत लहान टाकीवर ठरतो. १३ लिटरची गाडी रोजच्या वापरात ३५ चं अ‍ॅव्हरेज देते असं समजू. त्यावरून ४५५ किमीचा पल्ला धरलात तर फसाल. सामान, पिलियन (मागे बसणारा) आणि सलग ९५-१०० चा वेग असला की तेच अ‍ॅव्हरेज २७ च्या आसपास येतं. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो: ८० वरून १०० वर गेलात की अडथळा दीडपटीहून थोडा जास्त होतो. आणि ८० नेच चालवत असाल पण समोरून ताशी २० किमीचा वारा असेल, तरी गाडीच्या दृष्टीने ते तेवढंच. म्हणून शेवटचे दोन लिटर हिशेबात धरायचेच नाहीत. उरले ११ लिटर, गुणिले २७, म्हणजे ३०० च्या जरा आत. त्याचे तीन चतुर्थांश, सुमारे २२५ किमी, हा तुमचा नियोजनाचा पल्ला. पंपाच्या खुणा २०० ते २२५ किमीवर करा आणि प्रत्येक खुणेच्या ५० किमी अलीकडे एक पर्यायी पंप नोंदवून ठेवा. ठरलेला पंप बंद असू शकतो, किंवा उघडा असून पेट्रोल नसू शकतं. मोठ्या टाकीवाल्यांनीही दर थांब्याला टाकी फुल करायची. ‘मला अजून गरज नाही’ म्हणणारा पुढे शंभर किमीवर सगळ्यांना थांबवतो.

रॅलीच्या जवळचा शेवटचा पंप टाळा. तिथे दोनशे गाड्यांची रांग असते. ५०-६० किमी आधीच भरून घ्या. रोज संध्याकाळी मुक्कामाला शिरण्यापूर्वीही टाकी भरायची, म्हणजे सकाळ रांगेत जात नाही.

रस्ता निवडताना लोक ‘वळणांचा’ रस्ता शेवटी ठेवतात, बक्षीस म्हणून. माझं मत उलटं आहे. घाटाचे १०० किमी तीन तास खातात आणि ते तीन तास ताज्या डोक्याने द्यायला हवेत. दुसऱ्या दिवशीची सकाळ त्यासाठी उत्तम. तिसऱ्या दिवशी दुपारी तोच रस्ता धोक्याचा. पण दुसऱ्या दिवशी घाट घेतलात तर ताशी ५३ ची सरासरी त्या तुकड्याला लावू नका, वेगळी मोजा आणि अंतर कापा. घाट उंच असेल तर दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. वर १० अंश असताना ८० ने चालवलं तर वाऱ्यामुळे उघड्या कातडीला ते चार-साडेचार अंशांसारखं लागतं. हातमोजे बॅगेच्या तळाशी असतील तर त्यांचा उपयोग नाही.

मोठं शहर वाटेत असेल तर मुक्काम शहराच्या पलीकडच्या बाजूला करा. अलीकडे केलात तर सकाळी आठची गर्दी छातीवर घेऊन दिवस सुरू होतो. शेवटचा दीड तास पश्चिमेकडे जाणारा असेल तर मावळता सूर्य थेट हेल्मेटच्या काचेत येतो. मग तेवढा भाग सूर्य वर असतानाच संपेल अशी निघायची वेळ धरा. मुक्कामाचं आरक्षण रॅलीच्या शंभर किमीच्या परिसरात महिनोन्‌महिने आधी संपतं, ते आधी करा. पहिल्या रात्रीची खोली मात्र रद्द करता येणारी घ्या, कारण बेत सरकण्याची शक्यता तिथेच जास्त.

नकाशाच्या फाइलवर जरा रेंगाळतो, कारण सहा जणांची सर्वांत जास्त चुकामूक इथे होते. जीपीएक्स फाइलमध्ये (यंत्रांमध्ये रस्ता वाटून घ्यायचा नेहमीचा फाइल-प्रकार) ‘रूट’ आणि ‘ट्रॅक’ असे दोन वेगळे प्रकार असतात. रूटमध्ये फक्त मधले बिंदू असतात. त्यांना जोडणारा रस्ता प्रत्येकाचं यंत्र आपापल्या नकाशावरून नव्याने काढतं. एकाने ‘टोल टाळा’ लावलंय, दुसऱ्याने ‘कच्चा रस्ता टाळा’, की एकाच फाइलचे सहा रस्ते झाले. ट्रॅक म्हणजे रांगेत पेरलेले ठिपके, तो कुठल्याही यंत्रावर तसाच दिसतो. म्हणून वाटायचा तो ट्रॅक. वळणं बोलून सांगायला रूट हवा असेल तर तो पुढच्या गाडीच्या यंत्रात ठेवा आणि खाली ट्रॅकची रेष चालू असू द्या. रूट रेषेवरून घसरला की लगेच कळतं.

बिंदू टाकताना नकाशा पूर्ण मोठा करा. दुभाजकाच्या रस्त्यावर बोट दोन मिलिमीटर सरकलं तर बिंदू पलीकडच्या लेनवर बसतो. यंत्राला त्या बिंदूला हात लावल्याशिवाय पुढे जायचं नसतं, मग ते तुम्हाला पुढच्या एक्झिटला उतरवतं, उलटं आणतं, पुन्हा फिरवतं. वीस किमी आणि अर्धा तास गेला, आणि गाडी चालवणाऱ्याला कारण समजतही नाही. चौकावरही बिंदू ठेवू नका; चौक ओलांडून तीन-चारशे मीटर पुढे ठेवा. बिंदू कमीत कमी, आणि नावं ‘०१ पेट्रोल’, ‘०२ जेवण’ अशी आकड्याने सुरू होणारी, म्हणजे यादीत क्रम बिघडत नाही. ऑफलाइन नकाशे घरीच उतरवून फोन विमान मोडवर टाकून एकदा तपासा. फोन हँडलला लावणार असाल तर कंपन शोषणारा माउंट घ्या. मोठ्या इंजिनाच्या कंपनाने आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो असं अ‍ॅपलनेच २०२१ मध्ये जाहीर केलं होतं.

शिवाय एक कागद. टाकीवरच्या बॅगेत, मोठ्या अक्षरात: ठिकाण, मागच्या पंपापासूनचे किमी, कुठे वळायचं. टाकी फुल केली की ट्रिप मीटर शून्य करायचा. हा कागद चार्ज करावा लागत नाही.

गटात सर्वांना सर्वांच्या मागे धावायला लावू नका. पुढचा आणि शेपटीचा असे दोन जण दिवसभरासाठी ठरवून टाका. वळणाच्या जागी पुढच्याच्या लगेच मागचा जो असेल तो बाजूला सुरक्षित थांबतो, बाकीच्यांना हाताने वळण दाखवतो आणि शेपटीवाला दिसला की त्याच्या पुढे निघतो. पुढच्या वळणाला आपोआप दुसऱ्याची पाळी येते. या पद्धतीत कुणालाही समोरची गाडी दिसत राहिली पाहिजे म्हणून वेग वाढवावा लागत नाही. नियम एकच: थांबलेल्याने शेपटी येईपर्यंत जागा सोडायची नाही, मग अर्धा तास का होईना.

गाडीची सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी करू नका. दहा-पंधरा दिवस आधी करा आणि नंतर पूर्ण सामानासह २०० ते २५० किमी चालवून या. ऑइलचा ड्रेन बोल्ट सैल राहिलाय, एक्सलचा नट नीट आवळला नाही, नवीन ब्रेक पॅड अजून बसले नाहीत, हे तिथे कळतं. वरच्या पेट्रोलच्या हिशेबातला २७ हा आकडाही याच फेरीत तुमच्या गाडीचा खरा काय ते कळेल. माझा धरू नका. नवीन टायर टाकले असतील तर पहिले दीडशे किमी जपून, वरचा गुळगुळीत थर जाईपर्यंत. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे बघा: २३२३ म्हणजे २०२३ च्या २३ व्या आठवड्यातला. मागच्या टायरची नक्षी ३ मिमीच्या खाली असेल तर जाऊन-येऊन ३,२०० किमी तो धड काढणार नाही, आत्ताच बदला. हवा थंड टायरमध्ये मोजायची आणि सामानासह असताना मॅन्युअलमधला पिलियनवाला आकडा वापरायचा.

वजनाकडे कुणी बघत नाही. मॅन्युअलमध्ये कमाल भार १८० किलो लिहिला असेल तर त्यात चालवणारा, पिलियन, सामान, बॉक्स, बॉक्सची फ्रेम सगळं आलं. जॅकेट-हेल्मेट घालून ८५ किलोचा चालक, ६५ चा पिलियन, १० किलोचे रिकामे बॉक्स: सामानाला २० किलो उरले. जड वस्तू खाली आणि पुढे ठेवा. मागच्या टोकाला उंच रचलेलं सामान पुढच्या चाकाचा भार काढून घेतं आणि वेगात हँडल थरथरतं. मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड (स्प्रिंगचा आधीचा ताण) वाढवा, त्यानंतरही हेडलाइट वर रोखलेला असेल तर खाली घ्या, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांत मारेल.

चेनचं काम संध्याकाळचं. गाडी थांबली की चेन कोमट असते. तेव्हा ल्यूब लावलं तर रात्रभरात आत मुरतं, सकाळी लावलेलं रिमवर उडतं. दर ५०० किमीला, म्हणजे रोजच. ताण मोजताना मागचं चाक हळूहळू फिरवा आणि जिथे चेन सर्वांत घट्ट लागते तिथे मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. बऱ्याच गाड्यांना २५ ते ३५ मिमी सैलपणा लागतो. तुमचा आकडा बहुधा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणारा दांडा) स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतो. सैल चेन निदान आवाज करते. घट्ट चेन गप्प राहून गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टचं बेअरिंग खाते, आणि सामान चढवल्यावर ती बहुतेक गाड्यांत आणखी घट्ट होते.

सुटे भाग सहा जणांत वाटून घ्या: आपापल्या गाडीच्या क्लच केबल आणि लिव्हर, फ्यूज, चेनचं जोड-लिंक (५२० च्या चेनला ५२५ चं चालत नाही), ट्यूबलेसचं पंक्चर किट आणि हवा भरायचा एक पंप. कुणाच्या गाडीला ट्यूब असेल तर त्याने पुढची-मागची ट्यूब आणि टायर लिव्हर स्वतःच ठेवायचे. मैदान मातीचं असेल तर साइड स्टँडखाली ठेवायला हाताएवढी फळी घ्या.

परतीचा रूट निघायच्या आधीच बनवा. रॅलीच्या शेवटच्या रात्री झोप कमी होते, दारू घेतली असेल तर ती सकाळी आठला उतरलेली असेलच असं नाही. म्हणून परतीचा पहिला दिवस दुपारी निघून ३०० किमीचा ठेवा, त्याच्या पुढे ६५०-६५० चे दोन होतात; परतीला एकूण चार दिवस देता आले तर उत्तम. आणि जाताना वापरलेली फाइल नुसती ‘उलट करा’ बटण दाबून वापरू नका. दुभाजकाच्या रस्त्यावरचे सगळे बिंदू आता चुकीच्या लेनवर असतात, पंपाच्या खुणाही रस्त्याच्या पलीकडे. एकेक बिंदू मोठा करून सरकवा; अर्ध्या तासाचं काम आहे.