गाडी वेळेवर होती, मी बसले होते

*ताई, मी 43 वर्षांची. डोंबिवलीत राहते, फोर्टला नोकरी. पावणेपाचला उठते, तीन डबे करून सातची फास्ट पकडते. संध्याकाळी सव्वासातला उतरते. रात्री अकराला मुलाचा गणवेश इस्त्री करते. जूनपासून एक विचित्र सवय लागलीय. उतरल्यावर मी फलाटाच्या टोकाच्या बाकावर पंधरा मिनिटं बसते. दोन गाड्या जाऊ देते आणि घरी फोन करून सांगते, ‘गाडी लेट आहे.’ तिथं काहीच करत नाही, नुसती रुळांकडे बघते. परवा दहावीतला मुलगा म्हणाला, ‘आई, अ‍ॅपवर तर गाडी वेळेवर दाखवत होतं.’ मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवरा चांगला आहे. सासूबाईही मायेच्या आहेत. गुडघे धरायच्या आधी त्यांनी अकरा वाऱ्या केल्या. मग मी घर का टाळतेय? मैत्रीण म्हणते, पहाटे उठून योगा कर. — बाकावरची*

प्रिय बाकावरची,

तुम्ही घर टाळत नाही आहात. घर टाळणारी बाई पंधरा मिनिटांनी उठून शेअर रिक्षाच्या रांगेत उभी राहत नाही. तुम्ही फक्त थांबताय. पावणेपाचला गजर झाल्यापासूनची ती तुमची पहिली पंधरा मिनिटं असतात, ज्यांत कुणाला तुमच्याकडून काही नको असतं.

शरीरात काय होतं ते सांगते. गाडी सुटेल, डब्यात शिरता येईल की नाही, साहेबांचं काम राहिलंय, अशा प्रत्येक धास्तीला शरीर एकाच पद्धतीनं तोंड देतं. अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची रसायनं वाढतात, छातीचे ठोके वाढतात, श्वास वरच्यावर चालतो. धोका गेला की हे सगळं खाली यायला हवं. पण गाडीतून उतरून थेट गॅसपुढे उभं राहिलं, तर त्याला खाली यायला वेळच मिळत नाही. तुमच्या शरीरानं स्वतःहून तो बाक शोधून काढला. मला तर त्याचं कौतुक वाटलं.

तिथं बसताच आहात, तर एक करा. मनात चार मोजत श्वास घ्या आणि सहा मोजत सोडा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके आपोआप मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं. पाच मिनिटं पुरे. गरगरलं तर सोडून द्या आणि नेहमीसारखा श्वास घ्या. मोबाइल पर्समध्येच राहू दे. इतरांचे व्हिडिओ बघणं हा विसावा नाही, तीही एक गर्दीच असते.

मैत्रिणीचं मात्र ऐकू नका. तुम्ही रात्री अकराला मुलाचा गणवेश इस्त्री करता, म्हणजे साडेअकराच्या आधी काही पाठ टेकत नसेल. झोप झाली सव्वापाच तास. मोठ्या माणसाला निदान सात तरी लागतात. त्यातलाच अर्धा तास कापून योगा करायचा, हे मला पटत नाही. आधी ती इस्त्री सोडा. दहावीतल्या मुलाला इस्त्री येते, नसेल तर आठवड्यात येईल. कुकरही लावता येतो, त्याला आणि त्याच्या बाबांनाही. 2019 च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत दिसलं, की स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जातात, पुरुषांची 97. नवरा चांगला आहे असं तुम्ही लिहिलंय, आणि माझा त्यावर विश्वास आहे. चांगल्या माणसाला काम सांगायला संकोच कशाला?

आता त्या फोनबद्दल. तुमची चूक बसण्यात नाही, पण ते खोटं मला खुपतं, आणि ते तुमच्यासाठीच. चोरून घेतलेली पंधरा मिनिटं अंगी लागत नाहीत. अर्धं लक्ष घड्याळाकडे आणि अर्धं ‘आज काय सांगू’ याच्याकडे. शिवाय आईला थांबायचं असेल तर गाडी उशिरा यावी लागते, असं मुलाच्या मनात बसतं. ते मला नको वाटतं.

सुरुवात सासूबाईंपासून करा. त्यांना विचारा, वारीत विसावा कसा असायचा? आळंदीहून निघालेल्या माउलींच्या पालखीचा कार्यक्रम छापून येतो, त्यात मुक्कामांसोबत सकाळचा विसावा, दुपारचा विसावा, गावांच्या नावानिशी लिहिलेला असतो. दिवेघाट चढून गेल्यावर सासवडला पालखी दोन रात्री राहते. तिथं कुणी वारकऱ्याला विचारत नाही, का थांबलात? अकरा वेळा त्या वाटेनं चाललेल्या बाईला तुमचा बाक समजावून सांगावा लागणार नाही. कदाचित त्याच बाकीच्यांना सांगतील.

मग घरात सगळ्यांसमोर म्हणा, ‘मी साडेसातनंतर स्टेशनवरून निघेन. तिथं पंधरा मिनिटं बसते, मला लागतात.’ परवानगीच्या सुरात नको. कुणी हसलं तर हसू दे, दोन दिवसांत सवय होते.

एक गोष्ट मात्र डोळ्याआड करू नका. बसूनही थकवा जात नसेल, तर डॉक्टरांकडे जाऊन हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर तपासा. या वयात नुसत्या रक्ताच्या कमतरतेनंही बाई गळून जाते. आणि दोन आठवड्यांहून जास्त मन उदास राहिलं, उगाच रडू येत राहिलं किंवा त्या रुळांकडे बघताना जगणं नको असा विचार एकदाही आला, तर त्याच क्षणी बाकावरून उठा, माणसांत या आणि टेली-मानसच्या 14416 वर फोन करा. सरकारी सेवा आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. तुमच्या पत्रात मला तसं काही दिसलं नाही, तरी रुळांचा उल्लेख वाचून विचारल्याशिवाय राहवत नाही. तसं काही असेल तर मला नुसतं लिहू नका, आधी तो फोन करा.

आणि मुलाच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही. आज जेवताना द्या. ‘गाडी वेळेवर होती, मी बसले होते.’ त्यानं का म्हणून विचारलं, तर जे मला लिहिलंत तेच त्याला सांगा.

— तुमची ताई