घरपट्टी नावावर आहे, घर नाही

पत्र : "वय ५२, खासगी नोकरी, हातात ८५ हजार. कळव्याच्या फ्लॅटचा हप्ता २२ हजार. बँकेत ठेवी १४ लाख. ठाण्यात चेंदणीला आजोबांनी स्वतः बांधलेलं दगडी घर आहे. आजोबा १९७९ साली गेले, मृत्युपत्र नाही. आजी, आई-वडीलही आता नाहीत. घरात नवं किचन, दोन बाथरूम, एसी करून तिथे राहायला जायचं, फ्लॅट ३० हजारांनी भाड्याने द्यायचा. कंत्राटदार २८ लाख म्हणतो. प्रॉपर्टी कार्डावर आजोबांचंच नाव असल्यामुळे बँक त्या घरावर कर्ज देत नाही. घरपट्टी मात्र माझ्या नावाने येते. भावाला रस नाही, मोठी आत्या डोंबिवलीत, धाकटी वारली, तिची मुलं फिरकत नाहीत. फ्लॅटवर ९ टक्क्यांनी, १५ वर्षांचं टॉप-अप (चालू गृहकर्जावर वाढीव कर्ज) घ्यावं की ठेवी मोडाव्यात?"

दोन्ही नको. निदान आत्ता तरी नको.

बँक अडवतेय म्हणून तुम्ही चिडला आहात, पण या सगळ्या प्रकरणात तुम्हाला नीट सल्ला दिला तो तिनेच. घरपट्टीचं बिल म्हणजे मालकी नव्हे. कर कोणाकडून वसूल करायचा, एवढंच त्यावरून कळतं. आजोबांचं घर स्वकष्टार्जित, मृत्युपत्र नाही, म्हणजे हिंदू वारसा कायद्याप्रमाणे ढोबळ हिशेब असा : वडील आणि दोन आत्या, प्रत्येकी एक तृतीयांश. वडिलांच्या तृतीयांशात तुम्ही आणि भाऊ निम्मे-निम्मे. तुमच्या वाट्याला आला एक षष्ठांश. २८ लाखांपैकी २३ लाखांहून जास्त पैसे तुम्ही दुसऱ्यांच्या हिश्श्यावर ओतणार आहात, तेही राहता फ्लॅट गहाण ठेवून.

"फिरकत नाहीत" हा शब्द तर मला फारच महाग वाटतो. पडक्या घराकडे कोणी फिरकत नाही. नवी फरशी बसली, की धाकट्या आत्याच्या मुलांनाही आजोळ आठवेल. त्यात त्यांचं काही चुकलं असंही नाही, हिस्सा त्यांचा आहे.

म्हणून आधी डोंबिवलीला जा. मग बाकीच्यांकडे. नगर भूमापन कार्यालयात प्रॉपर्टी कार्डावर सगळ्यांची वारसनोंद करून घ्या, मुलंही आली त्यात. जे खरोखर सोडायला तयार आहेत त्यांच्याकडून नोंदणीकृत हक्कसोडपत्र घ्या. तोंडी "तूच बघ रे घराचं" चालत नाही. मोबदला न घेता जवळच्या नात्यात सोडलं तर मुद्रांक शुल्क मामुली असतं. आत्येभावंडांच्या बाबतीत ते वकिलाला विचारून घ्या. कोणी पैसे मागितले, तर तो आकडा २८ लाखांच्या आधी मांडायचा.

आता हप्ता. २८ लाखांचा १५ वर्षांचा हप्ता साधारण २८ हजार. जुना धरून ५० हजार, हातात ८५. साठीला निवृत्त झालात तर हप्ता सदुसष्टाव्या वर्षापर्यंत चालू. आठ वर्षांत फेडायचं म्हटलं तर एकट्या टॉप-अपचाच ४१ हजार. भाडं ३० हजार धरलंय, पण त्यातून सोसायटीचं मेंटेनन्स, रिकामा महिना आणि कर वजा करायचा राहिला. आणि २८ वर थांबणारं दगडी घर मी तरी पाहिलेलं नाही. कौलं उतरवली की वाशांना लागलेली वाळवी दिसते. ३५-३६ धरा.

कर्जाचा एजंट तुम्हाला सांगेल, व्याजावर प्राप्तिकरात दोन लाखांची सूट मिळेल. स्वतः राहत्या घराच्या दुरुस्तीच्या कर्जाला ती ३० हजारांवर थांबते, तीही जुन्या करप्रणालीत. कर्जासोबत ९० हजारांचा एकरकमी विमा "कंपल्सरी" आहे असं म्हणाला, तर ते त्याने कागदावर लिहून द्यावं. देणार नाही. कर्जासाठी कव्हर हवंच असेल तर साधा टर्म विमा (फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा) वेगळा घ्या.

या पावसाळ्यापुरतं ठेवींतून दोन-तीन लाख काढा. कौलं, पन्हळी, छताची लाकडं, एवढंच. मोठं काम काढण्याआधी महापालिकेची परवानगी कुठे लागते तेही विचारा. आणि कंत्राटदार ओल थांबवायला भिंतींना आतून सिमेंट गिलावा म्हणत असेल तर त्याला थांबवा. चुन्यात बांधलेली दगडी भिंत ओल बाहेर सोडते, सिमेंट ती कोंडून धरतं. दोन पावसाळ्यांत रंग पोपडे धरतो आणि त्याचं बिल पुन्हा तुम्हालाच येतं.