अकरा फुटी आंब्यासाठी कुठली मशीन?

प्रश्न : मी जांबोटीजवळच्या गावचा, वय 27. स्वतःची काजूबाग आहे, शिवाय लोकांची वाळलेली झाडं आणि अकेशिया तोडून देतो. आतापर्यंत कुऱ्हाड आणि भाड्याची चेनसॉ मशीन यांवर भागवलं. आता स्वतःची घ्यायची आहे. बेळगावच्या दुकानात 45 सीसीची 18 इंची बारवाली (बार म्हणजे चेन ज्यावर फिरते ते लांब पातं) दाखवली, आणि तिच्यापेक्षा स्वस्तात 58 सीसीची 22 इंची. दुकानदार म्हणतो, नंतर बार बदलून 36 इंची लावता येईल. आमच्या गोठ्याशेजारी जुना आंबा आहे, निम्मा वाळलाय. दोरी लावून घेर घेतला तर 11 फूट भरला. तोही पाडायचाय. कुठली घेऊ?

उत्तर : घेर मोजून कळवलात हे फार बरं केलंत. बहुतेक जण "झाड मोठं आहे" एवढंच लिहितात, आणि दुकानात घेर नि जाडी यांची गल्लत होते. घेराला 3.14 ने भागायचं. 11 फूट म्हणजे 132 इंच, म्हणजे जाडी 42 इंच. तुमचा काजू साधारण 3 फूट घेराचा असेल तर त्याची जाडी साडेअकरा इंच. 4 फुटी अकेशिया 15 इंचांचा. म्हणजे वर्षातले बहुतेक दिवस तुम्ही 12 ते 15 इंच जाडीचं लाकूड कापणार, आणि 42 इंची आंबा आयुष्यात एकदा. मशीन रोजच्या लाकडासाठी घ्या. 45 सीसी, 18 इंची बार. माझं मत एवढं स्पष्ट आहे.

आता 36 इंचाचं. ते दुकानदाराचं म्हणणं मला अजिबात पटलेलं नाही. बार लांबला की चेनही लांबते, लाकडात एकाच वेळी जास्त दात घुसतात, आणि ते सगळे ओढायला इंजिनात ताकद लागते. 45 सीसीला 16 ते 18 इंच, 70 सीसीच्या आसपासच्या मशीनला 20 ते 25 इंच, आणि 36 इंच लावायचे तर 90 सीसीच्या वरचीच मशीन हवी. उदाहरण द्यायचं तर स्टिल कंपनीची एमएस 250 ही 45.4 सीसीची, आणि एमएस 382 ही 72.2 सीसीची. दोन्हींमध्ये केवढं अंतर आहे ते हातात धरल्यावरच कळतं. छोट्या मशीनचा तेलाचा पंपही लांब बारच्या टोकापर्यंत पुरेसं तेल पोचवत नाही. चेन कोरडी फिरते, बार निळा पडतो, आणि कापताना इंजिन रडायला लागतं. वाळकी चिंच, जांभूळ, ऐन (आपल्याकडे कन्नडमध्ये मत्ती म्हणतात तो) असल्या लाकडात तर दिलेल्यापेक्षा एक माप छोटा बारच चांगला.

हे मी स्वतःच्या खांद्यावर शिकलो आहे. ऐन पस्तिशीत 45 सीसीच्या मशीनवर हट्टाने 25 इंची बार चढवला होता. कणकुंबीच्या बाजूला पडलेलं जांभूळ कापत होतो. बारचं टोक पलीकडे बाहेर निघालं आणि मागच्या ओंडक्याला लागलं. ते मला दिसतच नव्हतं. टोकाचा वरचा चतुर्थांश कशाला लागला की चेन पुढे जाण्याऐवजी सगळी मशीन वर आणि मागे फेकते. डाव्या खांद्यावर सात टाके पडले. मानेला लागलं असतं तर हे उत्तर लिहायला मी नसतो. तेव्हापासून गरजेपेक्षा एक इंचही लांब बार मी कुणाला सुचवत नाही. आणि पुढच्या दांड्याखालून अंगठा पूर्ण वळवून धरा, बाकीच्या बोटांच्या शेजारी ठेवू नका. झटक्याला मशीन हातात राहते ती त्या अंगठ्यामुळे.

58 सीसीवाली स्वस्त आहे म्हणून मोह होणं मी समजू शकतो. पण स्टिकरवरच्या सीसीवर जाऊ नका, किलोवॅट किती लिहिलेत ते बघा. शिवाय बार 22 इंची म्हटला तरी इंजिनाच्या पुढच्या काट्यांपासून टोकापर्यंत टेप लावून मोजा, कापायला मिळतं ते तेवढंच. आणि चेन, स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक), कार्बोरेटरचा सेट खानापुरात किंवा बेळगावात मिळतो का, हे पैसे देण्याआधी विचारा. पावसाळ्याच्या तोंडावर पार्टसाठी पंधरा दिवस थांबणं परवडत नाही.

राहिला आंबा. तो तुम्ही पाडू नका, हे मी कळकळीने सांगतो. हिशेबाने 25 इंची बार दोन्ही बाजूंनी घालून 42 इंच कापता येतात, म्हणून 70 सीसीवाला अनुभवी माणूस बोलवा. जुना आंबा बऱ्याचदा आतून पोकळ असतो. कुऱ्हाडीची पाठ मारून ऐका, ढोलासारखा आवाज आला तर झाड कुठे पडेल याचा भरवसा नाही. पडायच्या बाजूला जाडीच्या चौथ्या हिश्श्याएवढी खाच घ्यायची. मग मागून, खाचेच्या तळापेक्षा जरा वरून, कापत यायचं आणि मधे जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढी पट्टी अखंड ठेवायची. ती पट्टीच झाडाला बिजागरीसारखी वळवते. पोकळ झाडात ती पट्टी धरतच नाही. म्हणून गोठ्यावर आलेल्या फांद्या आधी दोर बांधून उतरवायच्या, गुरं त्या दिवशी दुसरीकडे बांधायची, आणि पाचर लाकडाची किंवा प्लास्टिकची घ्यायची, लोखंडाची नको. दिवाळीनंतर, जमीन घट्ट झाल्यावर करा.

परवानगीचंही सांगतो. तुमचे पाहुणे चंदगडला असतील तर ते त्यांच्याकडचे नियम सांगतील, पण तो महाराष्ट्र. आपल्याला 1976 चा कर्नाटक वृक्षसंरक्षण कायदा लागू आहे. स्वतःच्या शेतातलं झाड असलं तरी, त्याला सूट नसेल तर वनखात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते. निलगिरी, सुरू, सिल्व्हर ओक अशा काहींना सूट आहे. तुमच्या आंब्याचं आणि अकेशियाचं काय, ते खानापूरच्या फॉरेस्ट ऑफिसात त्याच फेरीत विचारून घ्या.

प्रश्न : आमची निपाणीत जळणाची वखार आहे. नवरा गेल्यापासून मीच बघते. गड्याने चेनला कानस लावली की ओंडक्यात काप सरळ उतरत नाही, डावीकडे वळतो. बार बदलायला हवा का?

उत्तर : ताई, बार घेऊ नका, आधी चेन बघा. चेनचे दात एकाआड एक डावे-उजवे असतात. उजव्या हाताच्या माणसाची कानस एका बाजूला जोरात चालते, दुसऱ्या बाजूला हलकी. दात ज्या बाजूचे जास्त लांब आणि धारदार, काप त्या बाजूला ओढला जातो. गड्याला सांगा, सगळ्यात आखूड दात शोध आणि बाकीचे त्याच्या मापाला आण. मग प्रत्येक दाताला मोजून तीन हात, आतून बाहेर, 30 अंशांत. पिच, म्हणजे चेनच्या कड्यांचं माप, 3/8 इंच असेल तर 5.2 मिलिमीटरची गोल कानस, 0.325 असेल तर 4.8 ची. बारीक मशीनच्या बुटक्या 3/8 चेनला मात्र 4 मिलिमीटरची. एवढं करूनही वळला तर बार काढून त्याच्या दोन्ही कडा सपाट फरशीवर उभ्या धरून बघा. एक कड झिजून खाली गेली असेल तर बार कलतो. दर वेळी कानस लावली की बार उलटा करून बसवायचा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या झिजतात.

आणि खाली पडणारा भुसा बघत जा. जाडसर सालपटं पडली तर चेन चांगली आहे. पिठासारखी भुकटी पडायला लागली की गड्याने मशीन दाबायच्या आत ती बंद करून कानस काढावी.