वाचक विचारतात : गोव्यात भाड्याने देण्यासाठी घर घेताना

प्रश्न : म्हापशाजवळ दोन बेडरूमचा जुना फ्लॅट ५० लाखांना मिळतोय. हातात २० लाख आहेत, बाकीचं कर्ज काढेन. १६ हजार भाडं सहज येईल, असं एजंट सांगतो. भाड्यातून हप्ता फिटेल का? (एक शिक्षक, साखळी)

नाही फिटणार. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील, रंगकाम धरून आकडा ५५ लाखांवर जाईल असं समजा, म्हणजे कर्ज ३५ लाखांचं. व्याज साडेआठ टक्के आणि मुदत २० वर्षं धरली तर हप्ता साधारण ३० हजार ४००. भाडं वर्षाला ११ महिन्यांचंच मोजा, कारण एक भाडेकरू गेला की दुसरा येईपर्यंत घर रिकामं राहतंच. त्या १ लाख ७६ हजारांतून मेंटेनन्सचे २४ हजार, घरपट्टीचे ४ हजार आणि दुरुस्तीचे १५ हजार गेले की उरतात १ लाख ३३ हजार. महिन्याला जेमतेम ११ हजार. बाकीचे १९ हजार दरमहा पगारातून जाणार, तेही २० वर्षं. तेवढी ऐपत असेल तर खुशाल घ्या. जागेचा भाव वाढेल हे एजंटचं म्हणणं कदाचित खरंही ठरेल, पण त्यावर बँक हप्ता माफ करत नाही.

आमचं विचाराल तर एका बेडरूमचा फ्लॅट बघा, आणि फर्मागुडी, वेर्णा किंवा बांबोळीच्या आसपास. कॉलेज, कारखाने आणि इस्पितळ यांचे भाडेकरू पर्यटनाच्या हंगामावर अवलंबून नसतात. फ्लॅट कुठलाही असो, इसार (सौद्याची आगाऊ रक्कम) देण्याआधी तो जुलैत एकदा बघाच. पश्चिमेकडची भिंत, खिडकीच्या चौकटीखालचा कोपरा आणि बाथरूमचं छत हाताने चाचपा. ताज्या रंगाखाली पोपडे धरलेले असतील तर ओल जुनी आहे. ऑक्युपन्सी दाखल्याची (इमारत राहण्यायोग्य असल्याच्या दाखल्याची) प्रतही तेव्हाच मागा.

प्रश्न : पेडण्यात मोपा विमानतळापासून जवळ जुनं कौलारू घर, जागेसह, स्वस्तात मिळतंय. ‘एक-चौदावर माझंच नाव आहे, कागद क्लिअर आहेत,’ असं विकणारा म्हणतो. एवढं पुरेसं आहे का? (एक वाचक, डिचोली)

एक-चौदा हा महसुली उतारा आहे, त्यावर नाव आहे म्हणून मालकी सिद्ध होत नाही. तरी तो नीट वाचा, विशेषतः कूळ आणि ‘इतर हक्क’ हे रकाने. तिथे कुळाचं किंवा मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीवर मालकाच्या संमतीने घर करून राहणाऱ्याचं) नाव असेल तर घर स्वस्तात का मिळतंय ते कळेल. १९७५ च्या कायद्याने मुंडकाराला सहजासहजी हुसकावता येत नाही, उलट राहतं घर विकत घेण्याचा हक्क त्याला आहे. रकाना कोरा असला तरी बागेत कोपऱ्याला कोणाची चूल पेटते ते स्वतः जाऊन बघा आणि शेजाऱ्यांकडे चौकशी करा. जमीन कोमुनिदादची (गावकीच्या सामूहिक संस्थेची) निघाली तर तिथेच थांबा.

खरी गाठ वारसांची असते. गोव्यातल्या नागरी कायद्यामुळे विक्रीखतावर नवरा-बायको दोघांच्या सह्या लागतात. घर वडिलांच्या नावावरून आलं असेल तर सगळे वारस आणि त्यांचे जोडीदार सही करणारे हवेत. वारसाहक्काचं खत किंवा इन्व्हेंटरीचा (वारसांतल्या वाटणीच्या कोर्टातल्या कारवाईचा) निकाल दाखवा म्हणावं. एखादा भाऊ पोर्तुगीज पासपोर्टवर परदेशी स्थायिक असेल तर त्याची सही मुखत्यारपत्राने येईल, आणि त्याच्या वाट्याच्या रकमेवर तुम्हालाच टीडीएस कापावा लागेल, तोही नेहमीच्या १ टक्क्यापेक्षा बराच जास्त. त्याआधी सीएला गाठा.

नगरनियोजन खात्याकडून झोनिंगचा (जागा कोणत्या वापरासाठी आहे याचा) दाखला घ्या. सोबतची जमीन भातशेती असेल तर २०२३ च्या कायद्याप्रमाणे ती शेतकरी नसलेल्याला विकता येत नाही. सब-रजिस्ट्रारकडचा निदान ३० वर्षांच्या व्यवहारांचा शोध वकिलाकडूनच करून घ्यावा, आणि तो वकील विकणाऱ्याने सुचवलेला नसावा.

प्रश्न : भाडेकरूशी करार ११ महिन्यांचाच का करतात? त्यात काय काय लिहावं? (एक गृहिणी, फोंडा)

एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, म्हणून ११ महिने. (महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्सची नोंदणी मुदत कितीही असली तरी करावी लागते, त्यामुळे सावंतवाडीच्या पाहुण्यांचा सल्ला इथे चालवू नका.) अनामत दोन-तीन महिन्यांची घ्या. तीतून कशाकशाचे पैसे कापणार, नळ-दिव्यांची किरकोळ दुरुस्ती कोणी करायची, किती दिवसांच्या नोटिशीने घर सोडायचं, हे स्पष्ट लिहा. किल्ली देताना मीटरच्या रीडिंगचा फोटो काढून दोघांनी व्हॉट्सॲपवर ठेवावा. वीजबिलाचे वाद बहुतेक इथेच मिटतात. भाडेकरूच्या पडताळणीचा फॉर्म पोलिस ठाण्यात देऊन पोच घ्या. घरपट्टीच्या पावत्या जपा. भाड्यातून ती वजा होते आणि उरलेल्या रकमेवर प्राप्तिकरात ३० टक्के सूट मिळते, दुरुस्तीची बिलं न दाखवता.

प्रश्न : फ्लॅट पर्यटकांना दिवसाच्या हिशेबाने दिला तर? (एक वाचक, पर्वरी)

१९८२ च्या कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते, आणि सोसायटीची संमती आधी घ्या. परदेशी पाहुणा आला तर त्याची माहिती २४ तासांत परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाला कळवायची. पावसाळ्यात फ्लॅट रिकामा राहील तेव्हा कोणीतरी आठवड्याला खिडक्या उघडून प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी ओतायला हवं, नाहीतर ट्रॅप (पाइपाच्या वळणात वास अडवणारं पाणी) सुकतो आणि घाण वास व झुरळं दोन्ही वर येतात.